बुजवलेली फट

३ मार्च

पाणबुडे आज गेले. त्यांच्या मुकादमाने टोपी काढून वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काकू, प्रवाहाने नेलं असणार त्यांना. भिंतीतून आरपार. आता आत काही नाही."

मी म्हटलं, "नेताना पाहिलंस?"

त्याने टोपी परत घातली.

"मग बोलू नकोस."

मच्छीमार सोसायटीचे प्रमुख बांग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे-रानची आई, असं बोलू नये. थंडगार पाण्यात उतरली होती पोरं." म्हणजे मी काय गरम पाण्यात बसले आहे?

हे लिहायला घेतलं कारण तोंडाने बोलले की भांडण होतं. कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडलं, मागे कोरं आहे. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळा सोडून. अक्षर कसंही येऊ दे, वाचणारं कोण आहे? वाचणारा बंधाऱ्यात आहे.

बंधाऱ्यातच आहे. मी सांगते. माझा नवरा पान-सोक आणि त्याचा धाकटा भाऊ पान-गू नव्या बंधाऱ्यावर शिंपले खरवडायला गेले. ऊन होतं, वारा नव्हता. अशाच दिवशी मुकी लाट येते. आवाज नाही, फेस नाही, नुसता समुद्र उभा राहतो. पान-सोक घसरला आणि त्या सिमेंटच्या चौपायांच्या फटीत गेला. चार पायांचे ठोकळे, घराएवढे, एकात एक अडकवून रचलेले. खाली किती खोल आहे ते रचणाऱ्यांनाही माहीत नसेल. पान-गू गावात ओरडत आला. म्हणजे हा वर आणि भाऊ खाली, आणि हा पळत आला. लोक पोचेपर्यंत फटीत नुसतं पाणी वरखाली होत होतं.

पळण्याऐवजी खाली वाकला असतास तर?

९ मार्च

रोज जाते. चौपायावर कान ठेवला की आत ठोकल्यासारखं वाजतं. बांग म्हणतात पाणी वाजतं. असेल. पण पाणी मला काय सांगतंय ते बांगना कसं कळणार?

हे-रानचा फोन. "आई, पोहांगला ये माझ्याकडे." मी म्हटलं, "तुझे बाबा इथे आहेत, मी तिथे येऊन काय करू?" ती रडायला लागली म्हणून फोन ठेवला. मग पुन्हा केला आणि विचारलं, जेवलीस का. एवढंच सुचलं.

पान-सोकची लोकरीची टोपी खुंटीवरच आहे. त्या दिवशी ऊन म्हणून घालून गेला नाही. आत त्याचे केस अडकलेत, आखूड, पांढरे. धुवायला काढली होती, तशीच परत टांगली.

१४ मार्च

पान-गू दाराशी सुका मासा ठेवून जातो. हाक मारत नाही. चोरासारखा येतो, चोरासारखा जातो. आज पकडला.

"आत ये. भावाच्या घराचा विटाळ झाला का तुला?"

आला. बार्लीचा भात वाढला. मेला डाव्या हाताने चमचा धरून जेवत होता. उजवा हात मांडीखाली. "दाखव," म्हटलं. दाखवेना, म्हणून ओढला. बोटांची नखं नाहीत, तीन बोटांना नवं गुलाबी मांस आलंय. मनगट वाकडं.

"हे काय?"

"दोर लागला, वहिनी. होडीच्या नांगराचा."

नांगराचा दोर नखं काढत नाही. दारू पिऊन कुठे तरी आपटला असणार. तोंडाला वासही होता. "भावाचं दुःख दारूत बुडवतोस होय? बुडवून बुडवून तूच बुडशील," मी म्हटलं. त्याने भात अर्धा टाकला आणि गेला. त्याच्या मागे मीच तो खाल्ला.

२ एप्रिल

मियॉकची, आपल्या खायच्या समुद्रशेवाळाची, कापणी लागली. या वर्षी खडकवाटपाच्या चिठ्ठ्यांत आम्हाला गाढवपाठ खडक आला आहे, गावातला सगळ्यात चांगला. पान-सोकने चिठ्ठी उचलली होती शरदात, नाचला होता अंगणात. मग आम्ही दोघांनी खडक घासला, जुनं शेवाळ, शिंपल्यांची घाण, सगळं खरवडून काढलं. घासल्याशिवाय मियॉकचं बी खडकाला धरत नाही. "बायकोसारखा खडक आहे," तो म्हणाला, "रोज घासायला लागतो मग काहीतरी मिळतं." मी त्याला खुरप्याचा दांडा मारला होता.

आज एकटीने कापलं. लांब लांब, काळंभोर आलंय. मेल्या, बघायला तरी थांबायचं होतंस.

११ एप्रिल

वाटी सोडायचा विधी झाला. भगतीणबाई वरच्या बंदरातून आल्या. बुडालेल्याला असाच बोलावतात. पितळेच्या वाटीत तांदूळ, वर कापड घट्ट बांधायचं, वाटीला पांढरा लांब कापडी पट्टा, आणि समुद्रात सोडायची. तो आला असेल तर वर काढल्यावर तांदळात त्याचा केस सापडतो. केस सापडला की माणूस घरी आला.

पट्टा धरायचा सख्ख्या भावाने. सगळं गाव बंधाऱ्यावर उभं. भगतीणबाईंनी पट्टा पुढे केला आणि पान-गू मागे सरकला.

"मला जमणार नाही."

"जमणार नाही म्हणजे? जड आहे का वाटी?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "जिवंत असताना पळालास, आता मेल्यावरही पळतोस?"

बांग म्हणाले, "हे-रानची आई, पुरे." पट्टा शेवटी बांगनी धरला.

पहिल्यांदा वाटी वर काढली, ओले तांदूळ. दुसऱ्यांदा, ओले तांदूळ. तिसऱ्यांदा भगतीणबाईंचे हात लाल झाले होते. केस नाही. त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, "याला कुणीतरी धरून ठेवलंय. सोडत नाही."

धरलंय ना. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. चौपायांनी धरलंय.

२० एप्रिल

बंधाऱ्याच्या फटी बुजवा म्हणून सोसायटीत सांगून आले. निदान पान-सोक पडला तो तुकडा. आज माझा गेला, उद्या कुणाचं पोर जाईल. सरकारी इंजिनिअर यांग आला होता. पोरगेलासा, खोकतो, बुटात वाळू. त्याला बंदरावरच गाठलं.

"बुजवता येणार नाही, काकू. फटींसाठीच तर बांधलाय."

"माणसं गिळायला?"

"लाटा गिळायला."

मासे धुतलेलं पाणी हातात होतं. ओतलं त्याच्या पायावर. गेला नाही. माझ्यामागे घरी आला, स्वयंपाकघरात वाकून म्हणाला, "ताट द्या एक. आणि तांदूळ धुवायची चाळण." मोरीत ताट उभं धरून त्यावर तांब्याने पाणी फेकलं. सगळं त्याच्याच तोंडावर उडालं. मग चाळण धरली. पाणी आत शिरलं, पलीकडे नुसतं गळलं.

"जुनी भिंत ताट होती," तो म्हणाला. "लाट आपटायची, उलटी यायची, वरून उडायची. आठवतं ना होड्यांचं काय व्हायचं? आता लाट फटीफटीतून जाते, तिचा दम आतच संपतो. आणि तुमच्याकडे लाट एकटी येत नाही, उत्तरेचा प्रवाह बरोबर असतो. त्यालाही आरपार जायला वाट लागते. ती बंद केली तर तो भिंतीला घासत वळेल, पायाखालची वाळू उकरेल, नेऊन भलतीकडे टाकेल. आणि वळलेल्या प्रवाहाला समोरून लाट भिडली की ती आणखी उंच उठते."

मी विचारलं, "माणूस आत गेला तर?"

त्याने चाळण झटकली. "प्रवाह जे आत नेतो ते पलीकडे काढतो, काकू. आज ना उद्या."

"चाळणीतून तांदूळ पडत नाही," मी म्हटलं आणि चाळण काढून घेतली.

त्याला जेवायला मात्र थांबवलं. हाडं दिसतात त्याची.

६ मे

गावाने ठरवलं. यांगने नाही म्हटलं तरी घरटी एका माणसाने यायचं, फटी दगडांनी आणि सिमेंटने भरायच्या. बांग स्वतः येऊन सांगून गेले. "यांगला कळलं तर माझ्या नावाने ओरडेल. ओरडू दे. तू रोज तिथे बसतेस ते बघवत नाही लोकांना."

मी आभार मानले नाहीत. हक्काचं आहे. नंतर दार लावल्यावर थोडी रडले, कांदा चिरत होते.

१९ मे

सगळ्यांत जास्त राबतोय पान-गू. डाव्या खांद्यावर दगड वाहतो, कुणाशी बोलत नाही. मला जरा बरं वाटलं होतं, म्हणून भाजलेलं सुरमईचं डोकं त्याच्यासाठी नेलं. तर काय? एका फटीपाशी हा आडवा उभा. भरू देईना.

"ही राहू दे, वहिनी. बाकीच्या सगळ्या मी भरतो. ही एवढी राहू दे."

"का?"

"पाण्याला वाट लागते."

यांगची भाषा! "तुला शिकवून गेला का तो खोकणारा? हीच तर ती फट. हीच आधी भरा!"

तो हलेना. मी स्वतः दगड उचलला आणि त्याच्या पायाशी आत टाकला. बऱ्याच वेळाने खाली वाजला. पान-गू असा दचकला जसा काही त्याच्याच अंगावर पडला. मग बाजूला झाला. लोकांनी फट भरली, वर सिमेंट ओतलं. मी पायाने दाबून पाहिलं. पक्कं आहे.

आता कुणी पडणार नाही इथे.

१० जून

कान ठेवला. काही वाजत नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल.

चूसॉकचा दिवस

पितरांच्या सणाचा भात, सुके मासे, नासपती, सगळं मांडलं. पान-सोकच्या नावाने पहिलाच चूसॉक. हे-रान आली. पान-गूने दारू ओतली ती एका हाताने, डाव्या. मोठ्या भावाला दोन्ही हातांनी ओततात हे शेंबड्या पोराला कळतं.

"एका हाताने? भावाला?"

त्याने उजवा हात खिशातून काढला, बाटलीला लावला. बोटं वळेनात, दारू पाटावर सांडली. मग माथा जमिनीला टेकवून वाकला तो उठेचना. हे-रान म्हणाली, "काका, उठा." तरी नाही. मी म्हटलं, "पिऊन आलाय. राहू दे पडलेला."

हे-रान जाताना दारात म्हणाली, "आई, काका दारू प्यायले नव्हते. मी शेजारी बसले होते."

मग मागे त्याच्या तोंडाला वास कसला होता, असं मी मनात म्हटलं. पण आज खरंच वास नव्हता.

८ ऑक्टोबर

वादळ जपानकडे वळलं. आपल्याकडे नुसतं आकाश धुतल्यासारखं निळं. बांगनी भोंग्यावरून सांगितलं, कुणी बंधाऱ्यावर जाऊ नका, मुक्या लाटा येतील.

९ ऑक्टोबर

हात दुखतोय पण लिहिते.

सकाळी ऊन होतं. पहिली लाट आली ती भरलेल्या तुकड्यावर आपटली आणि तोफेसारखा आवाज झाला. असा आवाज नव्या बंधाऱ्याने कधी केला नव्हता. पाणी सरळ वर उडालं, दिव्याच्या खांबांपेक्षा उंच, आणि आतल्या बाजूला होड्यांवर कोसळलं. दुसऱ्या टोकाला, जिथे फटी उघड्या आहेत, तिथे त्याच लाटा येऊन नुसत्या पुटपुटत होत्या. डोळ्यांनी दिसत होतं. एक बंधारा, एकच समुद्र. माझ्या तुकड्यावर ताट, पलीकडे चाळण.

प्रवाह भिंतीला घासत वळला. पाणी वाळूने पिवळं झालं. वळलेलं पाणी आणि येणारी लाट एकमेकांना भिडली की समुद्र उभा राहायचा. बांगची होडी धक्क्यावर आपटून दुभंगली. आणखीही गेल्या.

आणि पान-गू बंधाऱ्यावर. लोखंडी पहार घेऊन. त्या फटीवरचं सिमेंट फोडत होता.

मी धावले. बांगनी मागून ओढलं, त्यांचा हात चावले. चौपाये निसरडे, गुडघे फुटले. "खाली ये! घरात एक मेलाय, पुरेसा आहे!"

तो पहार मारतच राहिला. उजव्या हाताने. म्हणाला, "इथे होता तो, वहिनी. इथे. मी खाली उतरलो होतो. हात धरला होता त्याचा. मनगटाला धरला होता, त्याने माझा. पहिली लाट गेली, धरून होतो. दुसरी आली. पाणी आत ओढायला लागलं. तो म्हणत होता धर. आणि मी..." पहार. "मी सोडला. त्याने नाही. मी सोडला."

आणि पुन्हा, "प्रवाह नेईल त्याला बाहेर, असं म्हणाला होता ना यांग. म्हणून उघडी ठेवायची होती मला. आणि तुम्ही दार लावलंत."

मी म्हटलं, "आधी खाली ये गाढवा, मग बोल." आणि त्याचा हात धरला. उजवा. नखं परत आलीत, वाकडी.

पुढची लाट डोक्यावरून गेली. चौपायाच्या पायाला मिठी मारली आणि दुसऱ्या हातात त्याचं मनगट. पाणी उतरलं तेव्हा बोटं उघडत नव्हती. बांगनी येऊन एकेक करून सोडवली.

आता कळतंय पाणी किती ओढतं ते.

२ नोव्हेंबर

भरलेलं काढलं. यांग आला होता, चकार शब्द बोलला नाही, खोकला फक्त. कुणीच मला काही बोललं नाही. होड्या फुटल्या, कुणी बोललं नाही. कुणीतरी तोंडावर बोला रे! बांगच्या बायकोने उलट मला मुळ्याची किमची आणून दिली.

त्या फटीत खाली काही नव्हतं. दगड, जाळ्याचा तुकडा, पाणी. दगड काढल्यावर पाणी असं आत शिरलं जसं किती दिवसांनी श्वास घेतंय. म्हणजे तो गेला होता. मी दार लावलं त्याआधी की नंतर, ते मला कुणी सांगू शकणार नाही. यांगलाही विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर

खडक घासायचे दिवस. या वेळीही चिठ्ठीत गाढवपाठच आला होता, आम्हालाच, गंमत आहे. गेले तर अर्धा खडक वाळूखाली. प्रवाहाने बंधाऱ्याच्या पायाखालची वाळू आणून माझ्याच खडकावर टाकलीय. वाळूवर बी काय धरणार?

पान-गू खुरपं घेऊन आला. विचारलं नाही. आम्ही दोघं कमरेभर पाण्यात उभे राहून वरचा अर्धा घासला. थंडीने त्याचा उजवा हात आखडला तेव्हा मी त्याचं खुरपं घेतलं. त्याने माझं घेतलं, माझं हलकं आहे.

निघताना तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत."

"काय बोलू?"

"शिव्या द्या."

"दिल्या तेवढ्या पुरे. संपल्या."

तो रडला. मी वाळूकडे बघत उभी राहिले. माफ केलं म्हणावं, तर हे म्हणायची मी कोण? ज्याने म्हणायचं तो इथे नाही. आणि तो येईपर्यंत हा माणूस हात उघडणार नाही.

२१ नोव्हेंबर

पुन्हा विधी केला. भगतीणबाई म्हणाल्या होत्या, वर्षात दुसऱ्यांदा वाटी सोडत नाहीत. मी म्हटलं, सोडा. वाटी बांधायचं काम या वेळी मी मागून घेतलं. बायको आहे, माझा हक्क. पाठ करून बसले, तांदूळ घातले, कापड घट्ट बांधलं.

पट्टा पान-गूने धरला. दोन्ही हातांनी. फटी उघड्या, पाणी आतबाहेर शांत चाललं होतं. वाटी पहिल्याच खेपेला वर आली. भगतीणबाईंनी कापड सोडलं, तांदूळ बोटाने बाजूला केले. एक केस. आखूड, पांढरा.

"आला," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

पान-गू वाटी छातीशी धरून खाली बसला आणि "दादा, दादा" करत राहिला. हे-रानही रडली. बांगनी टोपी काढली. सगळं गाव म्हणत होतं, आला, पान-सोक घरी आला. मी काही बोलले नाही. कुणालाही, काहीही. वाटी पान-गूच्या हातातून घेतली तेव्हा त्याची बोटं आपोआप उघडली.

घरी आले. टोपी खुंटीवरून काढली आणि आत उरलेल्या केसांसकट धुतली. दोरीवर वाळत घातली आहे. लोकरीची आहे, आटेल बहुतेक. आटू दे.